खाली नसलेला ठेका: कोजागिरीच्या कार्यक्रमाच्या नोंदी

रविवार, 3 ऑगस्ट 2025

सोसायटीच्या सांस्कृतिक समितीने कोजागिरीला पाऊण तास दिलाय. दरवर्षी चंद्राची गाणी होतात, दूध उतू जातं, लोक घरी जातात. मी म्हटलं, यंदा चंद्राला सुट्टी. यंदा आशाताईंचं डिस्को.

बैठकीत जरा शांतता पसरली. मग ए विंगचे एक काका म्हणाले, "आशाबाईंचं ना? मग हरकत नाही." पुढचा शब्द त्यांनी ऐकला नसावा, किंवा ऐकून सोडून दिला असावा. कोथरूडमध्ये दोन्ही शक्य आहे. ठराव मंजूर.

गाणी तूर्त सहा. 'शान' (1980) मधलं 'प्यार करने वाले', संगीत पंचमदांचं. 'लूटमार' (1980) मधलं 'जब छाये मेरा जादू', राजेश रोशन. मग बप्पीदांची: 'नमक हलाल' (1982) मधली 'रात बाकी' आणि 'जवानी जानेमन', 'हथकडी' (1982) मधलं 'डिस्को स्टेशन'. शेवटी 'शराबी' (1984) मधलं किशोरदांबरोबरचं 'इंतहा हो गई'. किशोरदांची बाजू कोण लावून धरणार, याचा पत्ता नाही.

माणसं: बेस गिटार मी. 1981 ते 85 पुण्यात ऑर्केस्ट्रात वाजवायचो, नंतर बँकेत चिकटलो, गिटार माळ्यावर गेली. ऑक्टोपॅड डी विंगचा इंजिनिअरिंगचा पोरगा. कीबोर्ड त्याचाच मित्र. गायला सी विंगच्या वहिनी. त्या संगीत विशारद आहेत आणि नाट्यगीतांत त्यांचा हात धरणारं सोसायटीत कोणी नाही. डिस्को म्हटल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी?" एवढंच म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत, हे मी लिहून ठेवतो.

हे सगळं कशासाठी, तेही आजच लिहून टाकतो, नंतर विसरायला होतं. आमचे दादा, म्हणजे वडील, आशाताईंचे भक्त. पण 1982 साली रेडिओवर 'रात बाकी' लागलं की उठून बटण बंद करायचे. "ही आपली आशा नव्हे," म्हणायचे. त्याच वर्षी मी संध्याकाळी तेच गाणं स्टेजवर वाजवून चाळीस रुपये घरी आणायचो. घरात वाद कधी झाला नाही. बटण बंद व्हायचं, बस. चाळीस वर्षं माझ्या मनात एक उत्तर अर्धवट पडून आहे. ते एकदा वाजवून पाहायचंय.

रविवार, 10 ऑगस्ट

जुना बाजार. पाऊस रिपरिप, मंगळवार पेठेत चिखल, पण बाजार भरला होता. नळाच्या तोट्या, मिक्सरची भांडी, एक बिनकाचेचा बिनाका काळातला रेडिओ, आणि प्लास्टिकखाली झाकलेला तबकड्यांचा ढीग. 'नमक हलाल'ची एलपी मिळाली. कव्हरचा एक कोपरा उंदराने खाल्लाय. विक्रेता दोनशे म्हणाला, मी शंभर, मग त्याने तबकडी प्लास्टिकमधून काढून उजेडात तिरकी धरली आणि म्हणाला, "साहेब, बघा, दुसऱ्या बाजूला सुई लागलेलीच नाय." खरंच होतं. एक बाजू झिजून करडी, दुसरी काळीभोर. पहिल्या मालकाने एकच बाजू चाळीस वर्षं ऐकली असणार. दीडशेला घेतली.

मोबाइलवर सगळं फुकट मिळत असताना तबकडी का, असं घरून विचारण्यात आलं. मला बेसची ओळ नीट ऐकायचीय, आणि मोबाइलच्या स्पीकरमध्ये बेस म्हणजे नुसती अफवा असते. हेडफोनचा मुद्दा सौभाग्यवतींनी काढला. मी मिक्सरची भांडी किती स्वस्त होती ते सांगायला लागलो.

बुधवार, 13 ऑगस्ट

माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर काढला. चालू केला. तबकडी फिरते, पण आशाताई आजारी. आवाज खाली, जड, ठेका चिखलातून चालल्यासारखा. कीबोर्डवर सूर पडताळला तर जवळजवळ एक पट्टी खाली. म्हणजे काळी दोनच्या जागी पांढरी दोन.

बेल्ट सैल झालाय. तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घ्यायला हवी. वेग सहा टक्क्यांनी कमी झाला की आख्खं गाणं अर्ध्या स्वराने उतरतं, लयही तेवढीच मंदावते. तपकीर गल्लीत गेलो. तीन दुकानांत नाही म्हणाले. चौथ्याने जुना बेल्ट हातात घेतला, बोटांवर ताणला, आत गेला आणि कसल्याशा टेपरेकॉर्डरच्या बेल्टांचा जुडगा घेऊन आला. "यातला बसेल तो तुमचा." तिसरा बसला. नव्वद रुपये.

पण बेल्ट बदलण्याआधी मी मुद्दाम ती खालच्या पट्टीतली 'रात बाकी' पूर्ण ऐकली. एक गंमत लक्षात आली. खालच्या पट्टीत तो आवाज 'उमराव जान'च्या अंगणात जाऊन बसतो. खय्याम साहेबांनी त्या चित्रपटासाठी आशाताईंना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं होतं, हे सर्वश्रुत आहे. आशाताईंना सुरुवातीला ते पटत नव्हतं, नंतर त्या स्वतःच्याच आवाजाने चकित झाल्या. त्याच गाण्यांनी त्यांना 1981 चं पार्श्वगायनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. दादा त्या गझला डोळे मिटून ऐकायचे.

'उमराव जान' जानेवारी 1981 चा, 'नमक हलाल' एप्रिल 1982 चा. मध्ये जेमतेम सव्वा वर्ष. तोच गळा. एका गाण्यात आपली आशा, दुसऱ्यात आपली नव्हे. दादांना सैल बेल्टची तबकडी ऐकवली असती तर ते काय म्हणाले असते कोण जाणे.

रविवार, 17 ऑगस्ट

पहिली रिहर्सल, क्लब हाउसमध्ये. लिहायला नको इतकी वाईट.

माझी बोटं. डिस्कोचा बेस म्हणजे खालचा सा, वरचा सा, खालचा सा, वरचा सा, असं सप्तकाच्या उड्या मारत आख्खं गाणं चालायचं. विशीत हे मी गप्पा मारत वाजवायचो. आज दुसऱ्या अंतऱ्याला करंगळी दगड झाली.

ऑक्टोपॅडचा पोरगा मात्र पक्का. कानात क्लिक, म्हणजे लय मोजणारी यंत्राची टकटक, लावून बसतो, सेकंदाचा शंभरावा भाग इकडे तिकडे होत नाही. त्याला डिस्को समजावून सांगावं लागलं नाही. बास ड्रम चारी मात्रांवर, मधल्या जागेत हायहॅट, म्हणजे ड्रमसेटची झांज, उघडी, दोन आणि चारवर स्नेअर किंवा टाळी. मिनिटाला एकशेदहा-वीसच्या आसपास. मी सांगितलं तेच त्याने मला परत शिकवलं.

वहिनींची खरी अडचण. त्यांनी 'डिस्कोचा आवाज' काढला. घसा थोडा घोगरा, शब्द थोडे इंग्रजी शाळेतले, शेवटचे स्वर लाडे लाडे लांबवलेले. वाद्यं थांबली तेव्हा त्याच म्हणाल्या, "कसं वाटलं हे सांगू नका, मला कळलंय."

पुन्हा केलं. यावेळी सरळ गायल्या, ठेक्यावर एकेक अक्षर ठेवत. आणखी बिघडलं. शाळेतले पाढे म्हटल्यासारखं. चुकलं काहीच नव्हतं, हीच पंचाईत.

रविवार, 24 ऑगस्ट

पुन्हा पाढे. वहिनींचा सूर निर्दोष, पोराची लय निर्दोष, माझी बोटं बरी. गाणं मेलेलं. बुधवारी गणपती बसतात, आता दहा दिवस कोणी यायचं नाही.

शनिवार, 6 सप्टेंबर

विसर्जन. लक्ष्मी रस्त्यावर गेलो नाही, वयोमानाप्रमाणे टिळक रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. स्पीकरच्या भिंतींतून छातीत ठोके बसत होते. चारी मात्रांवर ठोका, तोच चाळीस वर्षांपूर्वीचा. नाव बदललं, गाड्या मोठ्या झाल्या. फरक एवढाच की त्या ठोक्यांवर गाणारं कोणी ऐकूच येत नव्हतं. कानात कापूस घालून पंधरा मिनिटं थांबलो आणि घरी आलो.

सोमवार, 8 सप्टेंबर

आज आशाताईंचा वाढदिवस. 1933 चा जन्म. तालीम नाही, म्हणून वही.

दादांच्या बाजूने आधी विचार करतो. मंगेशकरांचं बिऱ्हाड काही काळ पुण्यात होतं, मास्टर दीनानाथ 1942 साली इथेच गेले. दादांच्या पिढीच्या पुणेकरांना त्या घराबद्दल जवळजवळ भाऊबंदकीचा हक्क वाटायचा. आशाताईंचं पहिलं सिनेगीत मराठीच, 1943 च्या 'माझं बाळ'मधलं, दत्ता डावजेकरांचं. म्हणजे 'रात बाकी' गायला त्या माइकसमोर उभ्या राहिल्या तेव्हा वय अठ्ठेचाळीस आणि गाण्यात जवळपास चाळीस वर्षं झालेली. दादांचा प्रश्न असा असणार की एवढं सगळं गाऊन झाल्यावर ह्याची गरज काय होती?

आता बाजाराची बाजू. 1980 साली 'कुर्बानी' आला. कल्याणजी-आनंदजींचं संगीत, पण एक गाणं बाहेरून आलं, बिड्डूचं. बिड्डू मूळचा बंगळूरचा, लंडनमध्ये नाव काढलेला, 1974 चं 'कुंग फू फायटिंग' त्याच्याच हातचं. 'आप जैसा कोई' लंडनमध्ये रेकॉर्ड झालं आणि गायली नाझिया हसन, पंधरा वर्षांची मुलगी. त्याच 'कुर्बानी'त आशाताईंचंही गाणं आहे, रफीसाहेबांबरोबर. आठवतंय कोणाला? लोकांनी तबकडी नाझियासाठी घेतली. त्या वर्षीचं फिल्मफेअरही तिलाच. (आशाताईंनी आदल्याच सुमारास माझं नाव नामांकनात धरू नका असं कळवलं होतं, त्यामुळे तिथे सामना नव्हता. पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते दिसत होतं.)

नाझियाचं ते गाणं मला तेव्हाही आवडायचं, आजही आवडतं. तिचा आवाज ठेक्याच्या आत बसतो, यंत्राचा एक भाग होऊन. कोवळा, सपाट, थोडा परका. ती त्या आवाजाची खरी ताकद. हरकती घालायला गेली असती तर गाणं मोडलं असतं.

त्यापुढे पन्नाशीला आलेल्या गायिकेने काय करायचं? कोवळं व्हायचं नाटक करायचं, हा एक मार्ग होता. आमच्या वहिनींनी पहिल्या दिवशी तेच केलं. आशाताईंनी ते केलं नाही, असं माझं मत आहे. त्यांच्या डिस्कोत बाई मोठीच आहे. तिला रात्र माहीत आहे. नाझिया पार्टीत येते, आशाताईंची बाई पार्टी संपवून कोणाला तरी थांबवते.

आणि हो, ज्या चित्रपटाचं नावच 'डिस्को डान्सर' (1982), त्यात आशाताईंचं एकही गाणं नाही. तिथे पार्वती खान, उषा उथुप, विजय बेनेडिक्ट. आपल्यापैकी म्हणाल तर उषाताई मंगेशकर आणि सुरेश वाडकर एका गाण्यात, आणि नंदू भेंडे. तेच नंदू भेंडे, ज्यांना पुणेकरांनी थिएटर अकादमीच्या 'तीन पैशाचा तमाशा'त ऐकलं होतं. ऑर्केस्ट्रात मी ही सगळी गाणी वाजवलीत. 'जिमी जिमी'ला पब्लिक खुर्च्यांवर चढायचं, 'रात बाकी'ला चढलेलं पब्लिक खाली उतरायचं आणि गप्प व्हायचं. डिस्को लागल्यावर लोक गप्प होतात, हे मी विंगेतून पाहिलंय. तेव्हा कारण शोधलं नाही, पुढचं गाणं मोजत होतो.

आणखी एक. सुरेश भटांची 'तरुण आहे रात्र अजुनी' ही गझल, हृदयनाथांची चाल, ती दादांच्या कॅसेटमध्ये होती. तीही तेच सांगते: रात्र अजून शिल्लक आहे, तू का झोपलास. म्हणजे दादांचा आक्षेप विषयाला नव्हता. मग ठेक्यालाच असणार.

रविवार, 14 सप्टेंबर

आजची नोंद सविस्तर.

रिहर्सलला ए विंगचे काका येऊन बसले. तेच, 'हरकत नाही' म्हणणारे. पंचवीस वर्षं कीर्तनाला आणि नाट्यगीतांना तबला वाजवलाय, आता गुडघे गेले. दोन गाणी ऐकून म्हणाले, "ह्या ठेक्याला खाली नाही."

पोराने विचारलं, खाली म्हणजे काय. काकांनी टेबलावरच केरवा वाजवला. धा गे ना ती, ना क धी ना. "पहिल्यावर टाळी. पाचव्यापाशी बघ, डग्गा मिटतो. तिथे जमीन काढून घेतली आपण. गाणारा तिथे श्वास घेतो, शब्द झुलवतो, परत समेवर उडी मारतो. तुझ्या ह्या यंत्रात डग्गा मिटतच नाही. ढम ढम ढम ढम. चारी पाय जमिनीवर. त्या बिचारीने झुलायचं कुठे?"

पोरगा म्हणाला, "काका, हेच तर डिस्को आहे. नाचणाऱ्याचा पाय चुकू नये म्हणून."

"मग नाचणाऱ्याची सोय झाली. गाणाऱ्याची?"

मी मोबाइलवर मूळ गाणं लावलं आणि काकांना म्हटलं, तुम्ही आशाताईंच्या आवाजावर टाळी-खाली धरा, ड्रम ऐकूच नका. काकांनी डोळे मिटले. हात मांडीवर. पहिल्या ओळीला काही नाही. दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा त्यांचा पंजा उलटा झाला, हवेत. खाली! ड्रमचा ढम तिथे आहेच, पण आशाताई तिथे आवाज काढून घेतात. शब्द संपवत नाहीत, नुसता श्वासावर सोडून देतात. आणि त्यापुढचं अक्षर ठोक्याच्या किंचित मागून, जणू दार उघडायला मुद्दाम उशीर केल्यासारखं.

मुखड्यात 'बाकी' हा शब्द दोनदा लागोपाठ येतो. वहिनी दोन्ही सारखेच म्हणत होत्या. आम्ही तेवढाच तुकडा वीसेक वेळा ऐकला. माझ्या कानाला पहिल्या वेळी त्या रात्र किती उरली ते सांगतात, दुसऱ्या वेळी समोरच्याला धरून ठेवतात. स्वर तेच. फरक 'ब' कसा सोडला यात आहे. ओठ मिटून, एक कणभर थांबून. काका म्हणाले, "हे नाट्यगीतातलं आहे. शब्द फेकायच्या आधी श्रोत्याकडे बघायचं."

वहिनी एकदम म्हणाल्या, "अहो, मग हे आधी सांगायचं की! मी उगाच डिस्को गात होते."

पुढची चाल अशी ठरली: पोराची क्लिक वहिनींना द्यायची नाही. मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्याच्या समोरच्या स्पीकरमध्ये, फक्त कीबोर्ड आणि माझा बेस. काका समोर बसून टाळी-खाली देणार, बिनआवाजाची. वहिनी ठेक्याकडे पाठ करून काकांच्या हाताकडे बघत गाणार.

गायल्या. पहिल्या कडव्यात दोनदा घसरल्या, पोराने भुवया उंचावल्या. मग बसलं. खाली ढम ढम ढम ढम चालूच, आणि वर बाई आपल्या मर्जीने येतेय, जातेय. हातावर काटा आला. मी एक स्वर चुकलो, कोणाच्या लक्षात आलं नाही.

दादांच्या बटणाला माझं उत्तर हे होतं बहुतेक. ठेक्याने खाली दिली नाही म्हणून बाईंनी स्वतःची आणली. चाळीस वर्षांच्या तालमीशिवाय ती आणता येत नाही. आज ऐकवायला दादा नाहीत, तेव्हा काकांना ऐकवलं. काका म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण तुमचा बेस जरा मोठा आहे."

रविवार, 21 सप्टेंबर

'प्यार करने वाले' आज. हे वेगळं जनावर. पंचमदांच्या डिस्कोत बेस आणि सिंथ इतकं काही करत असतात की आवाजाला जागा शोधावी लागते. 1977 साली डोना समर आणि जॉर्जियो मोरोडर यांनी यंत्रावरचा जो बेस जगाला ऐकवला, त्याचा वास इथे मला येतो. काकांनी टाळी-खाली धरायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. इथे वहिनींना उलट ठेक्याच्या आत शिरून, अक्षरं छोटी छोटी करून गावं लागतं. एकाच बाईने दोन संगीतकारांकडे दोन निराळी डिस्को गायली, हे आमच्या लक्षात यायला रविवार गेला. माझं मत बप्पीदांच्या बाजूने. पंचमदांचे भक्त मारायला धावतील, पण बप्पीदांनी ठेका साधा ठेवला म्हणून बाईंना मोकळं रान मिळालं.

'जब छाये मेरा जादू' गळालं. वेळ नाही.

'इंतहा'साठी समितीच्या अध्यक्षांनी स्वतःहून नाव दिलंय. ऐकून घेतलं. तेही गळालं. त्यांना कळवण्याची जबाबदारी माझ्यावर.

सहज एक आगाऊपणा केला. चहाच्या वेळी वहिनी 'तरुण आहे रात्र अजुनी' गुणगुणत होत्या, मी खालून डिस्कोचा बेस लावला. दोन ओळी सगळे हसले. तिसऱ्या ओळीला वहिनी थांबल्या आणि नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. गिटार बाजूला ठेवली. दादांच्या घरात वाढलो असतानाही हे सुचावं याची जरा लाज वाटली.

रविवार, 28 सप्टेंबर

माइक. वहिनींना स्टेजवर माइक वीतभर लांब धरायची सवय, शास्त्रीयवाल्यांची असतेच. त्या अंतरावर 'रात बाकी'चे खालचे स्वर पातळ होतात. आपले साधे स्टेजचे माइक जवळ आणले की खालचा आवाज आपोआप भरतो. दोन बोटांच्या अंतरावर धरायला लावला. लगेच घर भरल्यासारखा आवाज. पण मग 'ब' आणि 'प' फटाफट फुटायला लागले. उपाय: माइक तोंडासमोर न धरता हनुवटीच्या बाजूने, तिरका. फुगवटा राहिला, फटाके गेले.

जुन्या काळी सगळे वादक एका हॉलमध्ये, गायिका काचेच्या खोलीत, आणि एका दमात गाणं. तुकड्या-तुकड्यांनी जोडायची सोय फार नव्हती. कुजबुजीपासून मोठ्या आवाजापर्यंतचा प्रवास त्या माइकपासून मागेपुढे होऊन करायच्या, निदान आम्ही ऑर्केस्ट्रात तसंच ऐकत आणि शिकत आलो. वहिनींनी आज 'जवानी जानेमन'मध्ये मुखड्याला जवळ, अंतऱ्याला लांब असं करून पाहिलं. दुसऱ्या वेळेपासून माइककडे लक्ष न देता जमलं.

बोटांवर फोड. हळद.

सोमवार, 6 ऑक्टोबर, कोजागिरी

(रात्री साडेअकरा. थोडक्यात.)

आकाश ढगाळ. चंद्र नऊला दिसला, सव्वानऊला गेला. दहाला स्पीकर बंद करायचा हा नियम, आणि मुलांचे फॅन्सी ड्रेस लांबले. आम्ही स्टेजवर नऊ अठराला. चार गाणी ठरली होती.

'प्यार करने वाले' बरं. ऑक्टोपॅडची एक वायर सैल, दुसऱ्या अंतऱ्याला स्नेअर गायब. पोराने त्या जागी तोंडाने 'टक' केलं. माइक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं, टाळ्या पडल्या.

'जवानी जानेमन'ला मागच्या खुर्च्यांवरची मुलं उठून नाचली, त्यांच्या आया उठल्या, मग अध्यक्षही उठले. म्हणजे राग गेला.

'रात बाकी'. काका पहिल्या रांगेत, हात मांडीवर. पहिल्या ओळीला नाचणारे नाचत होते. दुसऱ्यांदा ओळ आली, काकांचा पंजा उलटा झाला, वहिनींनी आवाज काढून घेतला. ठेका चालूच होता. नाचणारे थांबले असं नाही म्हणणार, पण हळू झाले. डाव्या बाजूला दुधाच्या पातेल्यापाशी उभ्या असलेल्या आजी ढवळायच्या थांबल्या. मी तेवढंच पाहिलं, कारण पुढे माझा पीस होता.

पातेल्याला खालून लागलं. दूध करपट झालं. त्यावरून उद्या समितीत बोलणं होणार.

'डिस्को स्टेशन' सुरू करायला नऊ छप्पन्न झाले. मुखडा, एक अंतरा, आणि वॉचमन हात वर करून स्टेजसमोर उभा. गाडी अर्ध्यातच थांबवली.

मंगळवार, 7 ऑक्टोबर

ऑक्टोपॅडची वायर बदलणे. भाड्याचा ॲम्प बुधवारी परत. समितीकडून मायक्रोफोन स्टँडचे दोनशे येणे बाकी.

वहिनींचा सकाळी फोन. 'डिस्को स्टेशन' अर्धं राहिलं ते त्यांना चालत नाहीये, दिवाळी पहाटेला पूर्ण करू का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, पहाटे साडेपाचला? डिस्को? त्या म्हणाल्या, "काकांना विचारलंय मी. ते म्हणाले, त्याला खाली कुठे आहे ते शोधून ठेवतो."

प्लेअरचा बेल्ट पुन्हा सैल वाटतोय. तपकीर गल्ली.